मुळाकडचं टोक

अरुंधतीचं पत्र शनिवारी दुपारी आलं आणि त्यात कृष्णकांतची चूक दाखवलेली नव्हती. दाखवली असती तर बरं झालं असतं. विद्यार्थिनी चूक दाखवते, मास्तर आधी चिडतो, मग दोन दिवसांनी मोठ्या मनाचा आव आणून शाबास म्हणतो आणि प्रकरण मिटतं. पण या पोरीने निळ्या विमानपत्रावर बारीक अक्षरात नुसत्या आनंदाने लिहिलं होतं. सर, आज मी तुमच्या नवव्या प्लेटमध्ये उभी होते, हे तिचं पहिलंच वाक्य. नववी प्लेट म्हणजे त्याने काढून वर्गाच्या भिंतीवर टांगलेलं विलायती घराचं मोठं चित्र. विलायतेत पुढचं शिकायला जाऊन तिला वर्ष होत आलं होतं. रविवारी कुणाबरोबर तरी ती एका खेड्यात गेली आणि तिथे तिला तसंच घर दिसलं, तीनशे सत्तर वर्षांपूर्वीचं, शेतकऱ्याचं, ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती. सर, तुम्ही वर्गात सांगायचात की विलायतेतला शेतकरीही आपल्यासारखाच काटक्या विणून वर माती-शेण लिंपायचा, तेव्हा आम्ही हसायचो. मी त्या भिंतीवर हात ठेवला आणि मला रडू आलं. सांध्यासांध्यात लाकडी खुंट्या, लोखंडाचा एक खिळा नाही. अकरा पिढ्या एकच कुटुंब त्या घरात राहतं आहे. आणि मग, पान संपता संपता, एक गंमत म्हणून तिने लिहिलं होतं: इथे खांब उलटे उभे करतात. झाडाचं मूळ वर आणि शेंडा खाली. मुळाकडचा जाड भाग माथ्याशी येतो, कारण तिथे आडवी तुळई, भिंतीवरची लांब कडी आणि खांब अशी तीन लाकडं एकमेकांत बसतात, त्यांना जागा लागते. घरातल्या म्हातारबाबांनी सांगितलं की या भागातली सगळी जुनी घरं अशीच आहेत. तुमच्या प्लेटमध्ये जाड टोक खाली आहे ना? कदाचित ते घर दुसऱ्या परगण्यातलं असेल.

त्याच्या बायकोने, यमुताईंनी, आतून विचारलं, काय म्हणते अरुंधती. तो म्हणाला, मजेत आहे. मग त्याने पत्राची घडी घातली, ती खिशात ठेवली, पुन्हा काढली आणि शेवटच्या चार ओळी वाचल्या. दुसऱ्या परगण्यातलं असेल. पोरीने आपल्या हाताने पळवाट काढून, तिच्यावर पायपुसणं टाकून, आत या म्हणून ठेवलं होतं. कृष्णकांतला त्या क्षणी तिचा रागच आला. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो पंख्याखाली उभा होता आणि पंखा बंद होता. एप्रिलची दुपार, धरमपेठेतली तापलेली गच्ची डोक्यावर, आणि हा गृहस्थ बंद पंख्याखाली उभा. यमुताईंनी बटण दाबलं.

दुसरा परगणा वगैरे काही नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. ते चित्र त्याने स्वतःच्या हाताने बदललं होतं. छप्पन साल. तो नोकरीला नवा, तेहतीस वर्षांचा, आर्किटेक्चरच्या कॉलेजात बांधकामाचा इतिहास शिकवायला घेतलेला, आणि कॉलेजजवळ नकाशे नाहीत, पुस्तकं नाहीत. प्राचार्यांच्या कपाटात एक जुनं जाडजूड पुस्तक होतं, त्यात तशा एका घराचं चित्र होतं, काडेपेटीएवढं, छपाई फुटलेली. ते मोठं करून त्याने भिंतीभर प्लेट काढायला घेतली. पंधरा दिवस भिंग लावून बसला. आणि खांबापाशी येऊन अडला. खांब वर जाड होता, खाली निमुळता. त्याने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. मग वर्कशॉपमध्ये जाऊन रामाजीला बोलावून आणलं. रामाजी म्हणजे कॉलेजचा सुतार. विद्यार्थ्यांना रंधा धरायला शिकवायचा, मॉडेलं करायचा, आणि लाकडाला नुसता अंगठा लावून सागवान कोणत्या जंगलातलं ते सांगायचा. त्याने चित्राकडे एकदाच बघितलं आणि हसला. साहेब, चित्र काढनाऱ्यानं घोळ केला. खांब उलटा हाये. मुळाकडचं टोक नेहमी खाली, झाड जसं उभं होतं तसं; उलटा खांब रोवला तर घराचा वंश टिकत नाही. हे त्याने इतक्या सहजपणे सांगितलं, की कृष्णकांतला आपण एवढा वेळ भिंग का पुसत होतो याचीच लाज वाटली. जगात कुठे उलटं झाड उभं करतात का? त्याने खोडरबर घेतलं. वरची जाडी पुसली आणि ती खाली काढली. मूळ चित्रकाराची चूक आपण सुधारली, याचा त्याला तेव्हा आनंदही झाला होता. खोटं कशाला बोला, अभिमान वाटला होता.

मग रामाजीने त्या प्लेटवरून सागाचं मॉडेल केलं, हातभर लांबीचं, छपराच्या वाशांसकट. फार सुरेख काम. सगळं जिथल्या तिथे बसलं, फक्त खांबांच्या माथ्याशी तीन लाकडं काही केल्या बसेनात. खांब तिथे बारीक. एक खाच केली की दुसरीला लाकूड उरेना. चार दिवस रामाजी त्यावर बसला. पाचव्या दिवशी त्याने मॉडेल आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, साहेब, तिथं लाकूड कमी पडते, मी आतून पितळी इस्क्रू मारला, दिसत नाही. कृष्णकांत म्हणाला, मॉडेलच आहे, चालतं. रामाजी जरा वेळ उभा राहिला, मग गेला. हे सगळं त्याला आता आठवलं असं म्हणणं खरं नाही. हे कधी विसरलंच नव्हतं. फक्त त्या इस्क्रूला काही अर्थ नव्हता इतकी वर्षं, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता तो आला.

रविवार त्याने कसा काढला हे त्याचं त्याला ठाऊक. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्यातली गत. सकाळी भाजी आणायला निघाला आणि नुसते खांब बघत फिरला. पानठेल्याचा बांबू, मंडपाच्या बल्ल्या, एका जुन्या घराच्या पडवीचे सागवानी खांब. प्रत्येकाचं जाड टोक खाली. बघा, सगळं जग माझ्या बाजूने आहे, असं स्वतःशी म्हणून झालं आणि मग त्याला वाटलं, जग माझ्या बाजूनेच होतं, तीच तर अडचण झाली. भाजी विसरून तो परत आला. यमुताईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, वांगी चांगली नव्हती. दुपारी झोपला, म्हणजे डोळे मिटून पडला. एका बाजूने मन म्हणे, तेवीस वर्षं, दरवर्षी तीस मुलं, त्यांनी एक खांब उलटा-सुलटा काढला तर कुणाचं काय बिघडलं? त्यातल्या एकानेही उभ्या जन्मात ओकचं घर बांधलं नाही. सगळे सिमेंटची घरं बांधतात, सिमेंटला ना मूळ ना शेंडा. हे खरंच होतं. आणि दुसऱ्या बाजूने, मन एका नावापाशी येऊन पुन्हा मागे जाई, जसा आपण दुखऱ्या दाताला जीभ लावतो आणि काढतो. ते नाव त्याने रविवारी दिवसभर घेतलं नाही.

सोमवारी कॉलेजात परीक्षा संपल्याची सुस्ती होती. काचेच्या कपाटाची किल्ली शिपायाकडून मागून घेऊन त्याने मॉडेल बाहेर काढलं. तेवीस वर्षांत सागाला गुळासारखा रंग चढला होता. ओट्याकडचा भाग, मधला मोठ्या दालनाचा भाग, धुरासाठी उघडं छप्पर, खिडक्यांच्या उभ्या काड्या, पाण्यापासून लाकूड वाचावं म्हणून खाली दगडी जोतं. या घराची एकेक गोष्ट त्याने आयुष्यभर प्रेमाने सांगितली होती, आपण तिथे राहून आल्यासारखी. वर्गातली मुलं म्हणायची, सर गेल्या जन्मी विलायतेत गुरं राखत होते. त्याने बोट आत घातलं आणि कोपऱ्याच्या खांबाच्या माथ्याशी चाचपलं. इस्क्रूचं डोकं लागलं. थंड होतं. त्याने बोट तिथेच ठेवलं, आणि मग ते नाव आलं, देवराव.

देवराव रामाजीचा मुलगा. सुताराचं पोर आर्किटेक्चरला आलं म्हणून कॉलेजात कौतुक होतं आणि थोडी कुजबुजही होती. अंगाने बारीक, हाताने बापासारखा. सहासष्ट सालची गोष्ट, तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक आलेले, मोठे गृहस्थ, सुटाबुटातले. प्रत्येक मुलाने नववी प्लेट काढून आणलेली, आणि देवरावच्या कागदावर खांब उलटा. मुळाकडचं टोक वर. कृष्णकांतला परीक्षकांसमोर शरमल्यासारखं झालं. त्याने विचारलं, हे काय काढलंस? देवराव म्हणाला, सर, वरतं तीन लाकडं येऊन बसतात, जाडी तिथं लागंल, खाली काहून? पुस्तकात पाहिलं होतं का कुठे? नाही, म्हणाला, बाबाचं मॉडेल मी घरी हातानं करून पाहिलं, बसतच नाही, मंग उलटा करून पाहिला तर बसला, एक खिळा लागला नाही. हे त्याचे शब्द. कृष्णकांतने ते ऐकले होते. तिथेच थांबला असता तर. पण परीक्षक गालातल्या गालात हसले, कुणाला हसले देव जाणे, आणि कृष्णकांतचा पारा चढला. त्याने शिपायाला पाठवून वर्कशॉपमधून रामाजीला बोलावून घेतलं. हातावर भुसा, कानावर पेन्सिल, असा रामाजी दारात उभा राहिला. सगळी मुलं बाकांवर. कृष्णकांत म्हणाला, रामाजी, या विद्वानाला सांगा, खांबाचं मुळाकडचं टोक कुठे असतं.

रामाजीने आधी मुलाच्या कागदाकडे पाहिलं. मग कृष्णकांतकडे. आत्ता, मॉडेलच्या आत बोट असताना, कृष्णकांतला ती नजर दिसली, तेव्हा दिसली नव्हती. रामाजी म्हणाला, "खालीच, साहेब." मग मुलाकडे वळून, हळूच, "हे कोनी शिकोलं गा तुले?"

मुलं हसली. देवरावने कागदाची गुंडाळी केली. त्याला नापास केलं ते अगदी नियमाने केलं, पाच मार्कांनी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल असं सांगितलंही. तो आला नाही. रामाजी निवृत्त होईपर्यंत आणखी तीन वर्षं वर्कशॉपमध्ये होता. एकदा रंधा मारता मारता म्हणाला, साहेब, पोरगा चुकला, मनात ठेवू नका. आणि कृष्णकांतने मोठ्या मनाने सांगितलं होतं, छे छे, मी केव्हाच विसरलो. केवढा मोठेपणा! पंचाहत्तर साली रामाजी वारल्याचं कळलं तेव्हा घरी जायचं होतं, राहून गेलं.

देवराव कुठे असतो हे शोधावं लागलं असतं तर बरं झालं असतं. शोधण्यात चार महिने गेले असते. पण ते सगळ्या शहराला माहीत होतं. अमरावती रोडवरच्या निम्म्या ट्रकांच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं असायचं: देवराव बॉडी बिल्डर, वाडी. कितीतरी वर्षं कृष्णकांत सायकलवरून जाताना ते वाचत आला होता आणि नजर दुसरीकडे वळवत आला होता. मंगळवारी तो बसस्टॉपवर जाऊन परत आला. बुधवारी प्लेट नंबर नऊ भिंतीवरून उतरवली, धूळ बसली म्हणून. गुंडाळून कपाटामागे ठेवली, तिथून काढून कपाटावर ठेवली. शिपाई बघत होता. गुरुवारी सकाळी यमुताई म्हणाल्या, तुम्हाला काय होतंय ते मला सांगू नका, पण ज्याला सांगायचं त्याला तरी जाऊन सांगा. तीस वर्षं जवळ असलेली बाई, तिला कपाळ वाचायला चष्मा लागत नाही. तो नऊच्या बसमध्ये बसला.

बस विद्यापीठाच्या कॅम्पसवरून पुढे निघाली आणि त्याने मनात वाक्यं जुळवायला घेतली. देवराव, एक शैक्षणिक बाब तुझ्या कानावर घालायची होती. छे. देवराव, त्या काळी साधनं फार अपुरी होती. हे खरं, पण त्याचं त्या पोराला काय? भिंग होतं की. मूळ चित्र होतं, त्यात खांब बरोबर होता, आणि तो आपण पुसला. देवराव, तुझे वडीलच म्हणाले होते. हे वाक्य आलं तेव्हा त्याला घाम फुटला. कारण ते सगळ्यांत सोयीचं होतं आणि तेच आपण तेव्हाही वापरलं होतं. एकदा बापाला पुढे करून पोराला गप्प केलं, आता मेलेल्या बापाला पुढे करून स्वतः सुटायचं. खिडकीतून गरम वारा येत होता. माझ्या हाताने हे झालं, एवढंच सांगायचं, असं त्याने ठरवलं, आणि वाडी येईपर्यंत ते तीनदा मोडलं.

ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेमागे एक मोकळं आवार होतं. दोन ट्रक नुसत्या सांगाड्यावर उभे, एकाच्या फळ्या चढत होत्या. मधोमध मोठी शेड. देवरावने त्याला लांबूनच ओळखलं. देवरावचं अंग भरलं होतं, कानशिलं आत्ताच पांढरी, कानावर पेन्सिल. या सर, म्हणाला, जसा काही मागच्या आठवड्यात भेटला होता. स्टूल पुसून दिलं, माठातलं पाणी दिलं, मास्टरीण बाई बऱ्या हायेत ना विचारलं. कृष्णकांतला सगळी जुळवलेली वाक्यं आठवेनात. त्याने खिशातून अरुंधतीचं पत्र काढलं आणि दिलं. शेवटच्या ओळी वाच, म्हणाला. देवरावने सगळं पत्र सावकाश वाचलं, पहिल्यापासून. वाचून घडी घातली, जशी होती तशीच, आणि परत दिलं.

"मले माहीत हाये, सर," तो म्हणाला. "वर पाहा."

कृष्णकांतने मान वर केली. शेडला सहा खांब होते, सागाचे, अखंड. सहाही खांब माथ्याशी जाड होते आणि खाली जमिनीकडे निमुळते होत आले होते. वर, जिथे जाडी होती, तिथे कडी, तुळई आणि खांब एकमेकांत शिरून बसले होते, लाकडात लाकूड, आणि प्रत्येक सांध्यातून खुंटीचं टोक बोटभर बाहेर आलेलं. अरुंधतीला जे विलायतेत दिसलं ते बसच्या तिकिटाएवढ्या अंतरावर बारा वर्षं उभं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो स्टुलावरून उठलाच. मास्तराचा जीव तो, आपण इथे कशाला आलो आहोत हे क्षणभर विसरला आणि जवळ जाऊन सांध्याकडे डोळे फाडून बघत राहिला. मग त्याला देवराव शेजारी उभा असल्याची जाणीव झाली. देवराव सांगत होता की सदुसष्ट साली हे उभं केलं, रागारागानं केलं, कुणी पाहायले येवो न येवो. बाबा आले. खांब पाहिले. आणि त्यानंतर कधी आत आले नाहीत. निवृत्त झाल्यावर रोज यायचे, वाकस घेऊन फळ्या तासायचे, पण बाहेर, त्या तिकडे, त्या दगडावर बसून. उन्हाळा असो, काही असो. म्हणायचे, ज्याचे खांब उलटे त्याच्या छपराखाली मी बसत नाही. सहा वर्षं. मायही नाही येत. पोरं आत खेळली तरी तिचा जीव वरखाली होते.

आवाराच्या पलीकडे भिंतीशी एक पातळ सावली होती, आणि तिच्यात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. सुभद्राबाई, रामाजीची बायको. कृष्णकांतने तिला कॉलेजच्या फाटकाशी डबा घेऊन आलेली कितीदा पाहिलं होतं. तिच्यापासून थोड्या अंतरावर, उन्हात, एक चपटा दगड रिकामा पडला होता.

कृष्णकांत म्हणाला, देवराव, मी तुला हे सांगायला आलो होतो. देवराव म्हणाला, "मले सांगून काय होते, सर. मले तर माहीतच होतं. मायले सांगा."

शेडमधून बाहेर यायला दहा पावलं लागली असतील. उन्हाने डोळ्यांसमोर पांढरं झालं. म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वर पाहिलं. कृष्णकांत तिच्यासमोर उभा राहिला, मग उभं राहणं बरं वाटेना म्हणून उकिडवा बसला, आणि त्याच्या छप्पन वर्षांच्या गुडघ्यांनी आवाज केला. त्याने नाव सांगितलं. ती म्हणाली, ओळखलं. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य आलं, बसमध्ये तीनदा मोडलेलं, अगदी साधं होऊन.

"सुभद्राबाई, तुमचा देवराव बरोबर होता. चूक माझी होती. रामाजींना मी खोट्यात पाडलं."

सुपातला एक खडा तिने काढून बाजूला टाकला. दुसरा काढला. कृष्णकांतला वाटलं तिला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगावं लागणार, आणि पुन्हा सांगणं आपल्याने व्हायचं नाही. मग ती बोलू लागली, त्याच्याकडे न बघता. "हे त्यांले सांगायले पाहिजेन होतं." तो हो म्हणाला. ती म्हणाली, "आजारात बोलत राहे. विलायती घरात म्या इस्क्रू मारला म्हने. लाकडाले लाकूड बसत नव्हतं. पोरगा खरं बोलत असंल का वं, मले पुसे." तिने सूप खाली ठेवलं. "मी म्हनलं, एवढे शिकलेले सर, त्यांनीच तर सांगतलं, मंग कसं खोटं असंल. तवा गप बसले."

कृष्णकांतने रामाजीच्या शब्दावर खांब फिरवला होता, आणि रामाजीने त्याच्या शब्दावर आपली शंका मिटवली होती; एकमेकांच्या भरवशावर दोघेही गप्प राहिले आणि मधल्या मध्ये पोरगं भरडलं गेलं. त्याला रडू आलं. उन्हाने डोळे चुरचुरतात असं दाखवायचाही त्याने प्रयत्न केला नाही.

म्हातारीने त्याला रडू दिलं. मग तिने विचारलं की त्या विलायतेतल्या घरात, उलट्या खांबाच्या, लेकरंबाळं जगली का. या प्रश्नाचं उत्तर अरुंधतीच्या पत्रात आधीच येऊन बसलं होतं आणि त्याने ते आठ वेळा वाचूनही पाहिलं नव्हतं. त्याने पत्र उघडलं, बोट ठेवून वाचलं: अकरा पिढ्या, एकच कुटुंब. अकरा, म्हणून तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं. अजून राहतात? अजून राहतात, तो म्हणाला. एक म्हातारबाबा आहेत, त्यांनीच सांगितलं.

ती उठली. भिंतीला धरून उठली, पदर सारखा केला आणि शेडकडे चालू लागली. देवराव हातातली फळी तशीच धरून उभा राहिला; ट्रकवरचे कारागीरही थांबले, कारण या बाईला त्या छपराखाली कुणी पाहिलं नव्हतं. उंबरठा असा काही नव्हता, नुसती सावलीची रेघ होती. त्या रेघेपाशी ती थांबली. चपला काढल्या. आत पाऊल टाकून कोपऱ्याच्या खांबाला तिने हात लावला, खाली, जिथे तो बारीक होता तिथे, मग हात पोचेल तितका वर नेला. देवरावने फळी खाली ठेवली आणि आईसाठी स्टूल पुढे ओढलं, मघाशी कृष्णकांतसाठी पुसलं होतं तेच, आणि ती त्याच्यावर बसली.

कृष्णकांत बाहेरच होता. उभं राहवेना म्हणून तो मागे सरकला आणि त्या चपट्या दगडावर टेकला. दगड चटका बसेल इतका तापला होता. देवरावने आतून हाक मारली.

"सर, आत या ना. ऊन लागून राहिलं."

"बसतो थोडा वेळ," कृष्णकांत म्हणाला.

चष्मा पुसून त्याने समोर पाहिलं. त्या दगडावरून शेडचं बाकी काही नीट दिसत नव्हतं, ट्रक आड येत होते. पण कोपऱ्याच्या खांबाचा माथा समोरच येत होता. कडी, तुळई, खांब आणि खुंटीचं बाहेर आलेलं टोक, सगळं स्पष्ट. आवारात बसायला दुसऱ्या कितीतरी जागा होत्या, सावलीच्याही होत्या. रामाजी सहा वर्षं इथे बसला होता.